बाबांनी तिला दाखवलेली पॉटरी

त्या रविवारी सकाळी मी उठून बाहेरच्या खोलीत आले, तर बाबा बूट घालून खुर्चीत बसलेले. इस्त्रीचा शर्ट, पाण्याने नीट बसवलेले केस, खिशाला पेन. आई गेल्यापासून बाबांनी बूट घातले नव्हते. लग्नामुंजीलासुद्धा ते चपलाच अडकवून निघायचे. मी विचारलं, "कुठे निघालात एवढे?"

"अगं, ती येणार आहे ना आज. पॉटरी बघायला," ते म्हणाले. मग जरा थांबून, "तूही चल हवं तर."

तोंडात ब्रश तसाच धरून मी उभी राहिले. ज्या जागेत पाय ठेवायला मिळावा म्हणून मी वर्षानुवर्षं बाबांच्या मागे लागले होते, तिथे आज मला हवं तर येण्याची परवानगी मिळाली होती.

पॉटरी म्हणजे आमच्या अंबरनाथच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवरचा कपबशांचा कारखाना. आता बंद. बाबांची उमेदीची सगळी वर्षं तिथेच गेली. मी दहावीत असताना तो बंद पडला. मग बाबांनी एका औषधाच्या गोदामात हिशेबाचं काम धरलं आणि तिथूनच निवृत्त झाले. पॉटरीचं नाव घरात पुन्हा फारसं निघालं नाही. राहिल्या त्या फक्त कपबशा. थोड्या वाकड्या, कुठे झिलईचा फोड आलेल्या. 'सेकंड' म्हणून कामगारांना मिळायच्या तशा. आम्ही अजून त्यांतूनच चहा पितो.

मला बंद पडलेल्या जागांचे फोटो काढायचा नाद आहे. 'नाद' हा बाबांचा शब्द. कल्याणला विमा कंपनीच्या ऑफिसात आठवडाभर टेबलाशी बसायचं आणि रविवारी कॅमेरा घेऊन निघायचं. लग्न केलं नाही, त्यामुळे विचारणारं कुणी नाही. आमचा सहा-सात जणांचा ग्रुप आहे, सगळे इथलेच. उल्हासनगरला कॅम्प नंबर एकजवळ एक बंद टॉकीज आहे. तिथे पडद्याच्या जागी नुसती भिंत उरलीय आणि खुर्च्यांच्या रांगेत कुत्रीने पिल्लं घातली होती. फाळणीनंतर ज्या लष्करी बराकींमध्ये लोक येऊन राहिले, त्यांतली एक एका फर्निचरच्या दुकानामागे अजून अर्धीमुर्धी उभी आहे. दुकानाचे सिंधी मालक आम्हाला मागचं दार उघडून देताना म्हणाले, "फोटो जितना चाहे निकालो साईं, बस दीवार को टेका मत देना." बदलापूरला बिल्डर सोडून गेलेल्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर पिंपळ वाढलाय. बारवी धरणाचं पाणी उन्हाळ्यात खाली गेलं की बुडालेल्या घरांची जोती वर येतात. एकदा तिथे एका जोत्यावर पाटा तसाच मांडलेला सापडला, जणू कुणी आत्ता चटणी वाटून उठलंय.

हे सगळं मला मिळालं. पॉटरी मात्र मिळाली नाही. शेजारच्या वर्कशॉपच्या गच्चीवरून मी लांबून तिची चिमणी काढली, फुटक्या काचांचं छप्पर काढलं. गेटवर गेले की वॉचमन म्हणायचा, "ऑर्डर नहीं है मॅडम." खरं तर बाबांनी एक फोन केला असता तर काम झालं असतं. त्यांच्या वेळच्या टाइमकीपरचा मुलगाच आता मालकांच्या वतीने त्या जागेची देखभाल बघतो, आणि दिवाळीला तो आमच्याकडे फराळाला येतो. मी किती वेळा म्हटलं असेल, "बाबा, एक शब्द टाका ना."

बाबा वर्तमानपत्र खाली न घेता म्हणायचे, "तिथे काय बघायचंय? सगळं पडायला आलंय. मेलेल्या माणसाचा कुणी फोटो काढतं का?"

एकदा मी म्हटलं, "काढतात बाबा. पूर्वी काढायचे."

"मग त्यांचे काढ," म्हणाले.

ती आमच्या ग्रुपमध्ये आली ती मागच्या पावसाळ्याच्या शेवटी. बदलापूरची, घर मूळचं कोकणातलं, मुंबईला आर्किटेक्चर शिकत होती. माझ्यापेक्षा निदान पंधरा वर्षांनी लहान. पायात जाड तळव्याचे बूट आणि गळ्यात रोलचा जुना कॅमेरा, कुणा मामाचा. मला ती आवडली होती, हे सांगायला हवं. गंजलेल्या लोखंडी जिन्यावर पाय मध्ये न ठेवता कडेला ठेवायचा, आत शिरलं की आधी थांबून कान द्यायचा, कबुतरं एकदम उडाली की खाली बसायचं, हे तिला मीच शिकवलं. ती मला 'ताई' म्हणायची आणि मी सांगितलेलं ऐकायची. मग एके दिवशी एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत फोटो काढून झाल्यावर मी तिला म्हटलं, "चल घरी, चहा घेऊ." ते बोलावणं मला अजून आठवतं.

बाबा टीव्हीसमोर होते. मी चहा आणून ठेवला. तिने दोन घोट घेतले, मग उरलेला चहा बशीत ओतला आणि रिकामा कप उलटा करून खालचा शिक्का वाचला. पाहुणी म्हणून आलेल्या माणसाने असं केलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"काका," ती म्हणाली, "हा इथलाच आहे का? वो जो बंद पडी है, चिमणीवाली?"

बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "तुला कसं कळलं?"

"खाली लिहिलंय ना. आणि काका, हा थोडा टेढा आहे. मस्त आहे."

"सेकंडचा आहे तो," बाबा म्हणाले. "भट्टीत शेजारच्याला टेकला की असा होतो. थांब, तुला दाखवतो." आणि ते उठले. माझे बाबा, जे पाण्याचा ग्लाससुद्धा जागेवर मागतात, ते उठून फडताळापाशी गेले आणि एकेक कप काढून तिच्यासमोर मांडत बसले. हा कुठे बिघडला, तो कुठे बिघडला, माती ओली राहिली की काय होतं, झिलई जाड बसली की काय होतं. ती जमिनीवर मांडी घालून बसली होती. "अच्छा?" म्हणायची. "मग?" म्हणायची. बास, एवढंच. मी स्वयंपाकघरात पुन्हा चहा टाकला आणि ओट्याला टेकून ऐकत राहिले. त्यातलं अर्धं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

जाताना दारात चपलांच्या रॅकपाशी ती सहज म्हणाली, "काका, मला एकदा आत घेऊन चला ना."

"बघू," बाबा म्हणाले. ती गेल्यावर त्यांनी टाइमकीपरच्या मुलाला फोन लावला. माझ्यादेखत.

तर त्या रविवारी आम्ही तिघं गेलो. वॉचमनने गेट उघडलं आणि बाबांना नमस्कार केला. बाबा म्हणाले, "मैं यहाँ का आदमी हूँ," आणि छाती जरा पुढे काढून चालू लागले. माझ्या खांद्यावर ट्रायपॉड, एका हातात माझी बॅग आणि दुसऱ्या हातात बाबांची पाण्याची बाटली. ती बाबांच्या बरोबरीने चालत होती.

आत जे होतं ते मी कल्पनेत शेकडो वेळा पाहिलं होतं, तरी तयार नव्हते. अंगणात गवताखाली फुटक्या कपांचे ढीग, पांढरे, पाय ठेवला की किणकिणणारे. मोठ्या शेडमध्ये लाकडी मांडण्यांवर प्लास्टरचे साचे, रांगेवर रांग, कपाचे, बशीचे, किटलीच्या तोटीचे. त्यांच्यावर कौलातून गळलेल्या पाण्याचे तपकिरी ओघळ. छपराच्या काचांमधून ऊन खाली उतरलं होतं आणि त्यात धूळ तरंगत होती. फोटो काढणाऱ्याला वेड लागावं अशी जागा. मी ट्रायपॉड उभा केला, पण माझं लक्ष डोळ्यांपेक्षा कानात होतं.

"इथे तोट्या चिकटवायच्या बायका," बाबा सांगत होते. "हात असा चालायचा त्यांचा. गप्पा मारता मारता."

"काका, तिथे उभे राहा ना. असेच. हात वर... नाही, मघाशी होता तसा."

आणि बाबा उभे राहिले. मी कॅमेरा वर केला की ते हात आडवा धरतात. "माझा काय काढतेस, म्हाताऱ्याचा," म्हणतात. माझ्याकडे बाबांचा धड एकही फोटो नाही. आहेत ते वर्तमानपत्राआडचे. आता ते साच्यांच्या रांगेत हात वर करून उभे होते, मान किंचित तिरकी, आणि ती गुडघ्यावर बसून रोलची एकेक फ्रेम जपून काढत होती.

मधल्या मजल्यावर जाणारा लोखंडी जिना होता. ती पुढे झाली, बाबांचा हात धरला आणि म्हणाली, "काका, पाय मध्ये नको, कडेला. कडेला मजबूत असतं."

"हुशार आहेस," बाबा म्हणाले.

ते माझं होतं. मी लेन्सची टोपी काढली, परत लावली.

शेवटी आम्ही भट्टीपाशी आलो. लांबलचक विटांचा बोगदा, दोन्ही टोकांना दारं, आत ट्रॉल्यांचे रूळ. बाबांनी दाराच्या लोखंडावर हात ठेवला. ती हळूच म्हणाली, "काका, शेवटच्या दिवशी काय झालं?"

बाबांनी तळहाताची धूळ पँटला पुसली. मग म्हणाले, "भट्टी कधी विझवत नाहीत, तुला माहितीय? वर्षानुवर्षं पेटती असते. त्या दिवशी वरून निरोप आला, बंद करा. कुणाचा हात उठेना. मग मीच केली. सगळे घरी गेले. मी इथे बसून राहिलो, ह्या इथे, रात्रभर. विटा थंड होताना आवाज करतात गं. टक्. टक्. सकाळपर्यंत ऐकत होतो."

तिचे डोळे भरले. कॅमेरा खाली करून तिने बाबांच्या दंडाला हात लावला.

मी त्यांच्या मागे उभी होते आणि मला दिसत होती आमच्या घरातली कॉट. पॉटरी बंद झाली तेव्हा बाबा कावीळ होऊन घरी पडले होते. डोळे पिवळे, जेवण बंद. मी शाळेतून येताना कोपऱ्यावरच्या गुऱ्हाळातून बरणीत उसाचा रस आणायचे आणि आई तो गाळून त्यांना द्यायची. कारखाना बंद झाल्याची बातमी शेजारच्या काकांनी दारातूनच सांगितली. बाबा भिंतीकडे कूस करून झोपले. भट्टी कुणी विझवली ते त्यांना ठाऊकही नसेल.

खोटं बोलले म्हणून मला राग आला नाही. हे मला स्वतःलाच विचित्र वाटलं, म्हणून मी ते नंतर पुष्कळदा तपासून पाहिलं. राग होता तो वेगळ्याच गोष्टीचा. विटांची ती टक् टक् इतकी खरी होती. कुठून आणली असेल त्यांनी? किती दिवस मनात जुळवली असेल? आणि ती तिच्यासाठी जुळवली होती. माझ्यासाठी बाबांनी आजवर एक खोटी गोष्टसुद्धा रचली नव्हती.

त्यानंतर ती दर दोन-तीन दिवसांनी बाबांना फोन करू लागली. मी ऑफिसातून यायचे तेव्हा बाबा गॅलरीत उभे राहून बोलत असायचे. मला बघितलं की आवाज उतरायचा. "हो, हो. ठेवतो. ही आलीय." ही. मी कुकर लावायचे आणि झाकण जरा जास्तच जोरात बसवायचे.

तिने बाबांचे फोटो मला पाठवले. चांगले असू नयेत, असं मनापासून वाटत होतं. चांगले होते. भट्टीच्या दाराशी उभे असलेले बाबा, चेहऱ्याची एक बाजू उजेडात, आणि त्या चेहऱ्यावर असं काही, जे मी जन्मभर एका घरात राहून पाहिलं नव्हतं. मी तो फोटो मोठा करकरून पाहिला. फोकस कुठे तरी हुकला असेल म्हणून शोधला. नव्हता हुकला. मी तिला लिहिलं, 'छान.' माझे स्वतःचे त्या दिवशीचे फोटो मी उघडले, तर सगळे साच्यांचे. माणूस एकाही फोटोत नाही.

हिवाळ्यात ठाण्याला एका छोट्या हॉलमध्ये तिचं आणि तिच्या कॉलेजमधल्या काहींचं प्रदर्शन लागलं. बाबांना खास बोलावणं. त्यांनी बुटांना पॉलिश केलं. हॉलमध्ये भट्टीजवळचा तो फोटो सगळ्यांत मोठा लावला होता आणि त्याच्या शेजारी बाबा उभे होते. लोक जमले की ते सांगायचे. गोष्ट आता वाढली होती. रात्री पाऊस आला होता; दोन साथीदार परत येऊन त्यांच्याशेजारी बसले होते; एकाने घरून भाकरी आणली होती. मी मागच्या भिंतीशी उभी राहून ऐकत होते आणि पुढच्या वेळी काय भर पडते याची वाट बघत होते, हे खोटं कशाला सांगू.

एक बाई मला म्हणाल्या, "तुम्ही कोण त्यांच्या?"

"मुलगी."

"किती भाग्यवान हो. असे वडील! रोज ऐकायला मिळत असेल."

मी हसले. तेवढ्यात त्यांनी बाबांना विचारलं, "मुलगीपण फोटो काढते का?"

"काढते की," बाबा म्हणाले. "भिंती-बिंती काढते."

परतताना लोकलमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले. बाबांना ते कळलंसुद्धा नाही. ते आपल्याच तंद्रीत होते.

त्या आठवड्यात तिचा मला फोन आला. कॉलेजच्या मासिकात बाबांवर काही लिहायचं होतं, माझी हरकत नाही ना? मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. हातातली चादर दोरीवर टाकली आणि मला वाटलं, आता. आता सांगून टाकावं. बसू दे तिला एकदा धक्का.

"लिही," मी म्हटलं, "पण एक सांगते. पॉटरी बंद झाली तेव्हा बाबा तिथे नव्हतेच. कावीळ झाली होती त्यांना. घरी होते."

ती हसली. अगदी मोकळं हसली. "पता है ताई. काकांनीच सांगितलं, नंतर. आणि तुम्ही बरणीतून उसाचा रस आणायच्या ना? शाळेच्या युनिफॉर्मवर रस सांडायचा आणि आई ओरडायच्या. कितनी क्यूट स्टोरी है! म्हणून तर मी फोटोखाली लिहिलंय, 'काका सांगतात'. तुम्ही वाचलं नाही का?"

मी वाचलं नव्हतं. इतकं जवळ गेलेच नव्हते त्या फोटोच्या.

फोन ठेवला आणि चादर दोरीवरून ओढून पुन्हा पिळत राहिले, पाणी संपलं तरी. गोष्टही तिला दिली होती, खरंही तिलाच. माझा उसाचा रससुद्धा. माझ्या युनिफॉर्मवरचा डाग बाबांना इतक्या वर्षांनी आठवत होता आणि ते तिच्याजवळ बोलले होते.

खाली आले तर बाबा शेंगा सोलत बसले होते. मी समोर बसले आणि विचारलंच. "तिला सगळं सांगता तुम्ही. कावीळ, रस, सगळं. मला का नाही कधी सांगत?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना खरंच समजलं नव्हतं. "तुला काय सांगायचं? तू होतीस ना तिथे."

"पॉटरीत कुठे होते मी?"

"घरात होतीस की. मी यायचो तेव्हा माझे हात पांढरे असायचे. तू म्हणायचीस, बाबा, पिठात हात घातले का. तुला माहीत आहे सगळं. माहीत असलेल्याला सांगायला मजा येत नाही गं. ती डोळे मोठे करते. तू डोळे मोठे करत नाहीस."

"करेन."

"असं ठरवून होतं होय?" म्हणाले आणि शेंगांचं ताट माझ्याकडे सरकवलं. मी सोलायला लागले. बाबांना हात पांढरे असल्याचं आठवत होतं, मला नव्हतं आठवत. मी त्यावर बराच वेळ विचार करत होते, पण मन काही हलकं झालं नाही. मत्सराला कारण समजलं म्हणून तो जातो असं नाही.

पुढच्या रविवारी मी म्हटलं, "बाबा, पॉटरीत जाऊ. आपण दोघंच." ते 'बरं' म्हणाले. चपला घातल्या.

गेटवर वॉचमनने आमच्या मागे पाहिलं. "आज वो दीदी नहीं आई?"

"नहीं," मी म्हटलं.

"अच्छा," तो म्हणाला. बाबांनीही एकदा मागे वळून रस्त्याकडे पाहिलं. मला दिसलं ते.

आत बाबांचं लक्ष लागेना. गुडघा दुखत होता. साच्यांच्या शेडमध्ये त्यांनी एक लाकडी खोकं उलटं करून त्यावर बसकण मारली आणि म्हणाले, "काढ तू तुझे फोटो. मी बसतो." मी विचारत राहिले. हे काय, ते काय. ते एका शब्दात उत्तर द्यायचे. मी डोळे मोठे करायचा प्रयत्न केला, तर म्हणाले, "डोळ्यात काही गेलं का?"

मग म्हटलं, "तुम्ही नक्की कुठे उभे असायचात? काम करताना."

त्यांनी हनुवटीने एका कोपऱ्याकडे दाखवलं. तिथे सिमेंटची एक टाकी होती, कमरेएवढी, तळाला पांढरा थर वाळून तडकलेला. "तिथे. झिलईत कप बुडवायचा, झटकायचा, ठेवायचा. बुडवायचा, झटकायचा, ठेवायचा. दिवसभर."

"मग?"

"मग काय? कंटाळा यायचा," बाबा म्हणाले. "फार कंटाळा यायचा गं. घड्याळाकडे बघायचो. बंद झाली तेव्हा घरचं कसं होणार ही काळजी होतीच, पण एक मन म्हणालं, सुटलो." असं म्हणून त्यांनी मोठी जांभई दिली, तोंडावर हात न धरता.

कॅमेरा माझ्या हातात होता. मी बटण दाबलं. त्यांनी हात आडवा धरला नाही. टाकीच्या शेजारी खोक्यावर बसलेले, पायात चपला, तोंड उघडं, डोळे मिटलेले बाबा. कुणाच्या भिंतीवर लावावा असा तो फोटो नाही. तिने काढला असता तर तिने तो ठेवलाही नसता. मी मागच्या पडद्यावर तो पाहिला आणि कॅमेरा पटकन बॅगेत घातला, जणू कुणी हिसकावून घेईल.

"झालं?" बाबा म्हणाले. "चल. गॅसचा नंबर लावायचाय."

परतीच्या रिक्षात त्यांचा फोन वाजला. तीच होती. बाबांनी फोन कानाला लावला आणि त्यांचा आवाज लगेच भरला, पाठ ताठ झाली. मी बाहेर बघू लागले.

"अगं, आत्ताच जाऊन आलो पॉटरीत! ही घेऊन गेली होती ना... काय सांगू तुला आज काय झालं. भट्टीच्या दारात आम्ही उभे, आणि आतून एकदम घुबड आलं. पांढरं! एवढे पंख. माझ्या तर डोक्यावरून गेलं. मी खालीच बसलो. आणि ही? ही हलली नाही. जागची हलली नाही. समोरून येतंय ते, आणि ही कॅमेरा लावून उभी. अशी मुलगी आहे आमची. लहानपणापासून अशीच. घाबरणं म्हणून नाही."

मी वळून बाबांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. पुढच्या रस्त्याकडे बघत मोकळ्या हाताने हवेत घुबडाचे पंख दाखवत होते. आरशातून रिक्षावालाही ऐकत होता.

पलीकडून ती किंचाळली असावी, कारण बाबा हसले आणि म्हणाले, "थांब, तिलाच विचार," आणि फोन माझ्या हातात दिला.

"ताई! सच में? पांढरं घुबड? आणि समोरून? फोटो भेजो ना, अभी के अभी!"

बाबा आता माझ्याकडे बघत होते. चोरी पकडली जाईल या भीतीने नाही. नुसती उत्सुकता होती त्या नजरेत, मी काय करते याची. माझे डोळे मोठे झाले असतील तर ते मला माहीत नाही.

"फोटो हलला गं," मी म्हटलं. "घुबड फार जोरात आलं. नुसता पांढरा फराटा आलाय."

"अरे यार!" ती म्हणाली. "काश मैं होती."

"हो ना," मी म्हटलं. "तू हवी होतीस."

मी फोन बाबांना परत दिला. ते तिला घुबडाच्या डोळ्यांचा रंग सांगू लागले. रिक्षा आमच्या गल्लीत वळली तरी त्यांचं संपलं नव्हतं, म्हणून मी रिक्षावाल्याला म्हटलं, भैया, एक चक्कर और मार लो.